भाग आणि समग्र : स्थलांतर व कडवेपणा यांवर लघुपट करणाऱ्यासाठी कलम ५बचे भाष्य

पाठ असा : सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२, कलम ५ब, पोटकलम (१). सोबत त्याच कलमाच्या पोटकलम (२)खाली केंद्र सरकारने ६ डिसेंबर १९९१ रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे, त्यांतली आपल्याला लागतील तेवढी. गाव सोडून पुण्यात आलेला एखादा मुलगा आणि त्याला गाठणारी कडवी संघटना, किंवा त्याच्यावर धावून जाणारा जमाव, असा विषय घेऊन तू लघुपट करायला निघशील, तेव्हा हा पाठ तुझ्या वाटेत येईलच. तो आधीच नीट वाचलेला असावा म्हणून हे भाष्य. पाठाची वाक्ये मी मराठीत मांडून घेतो आणि एकेक उलगडतो.

«चित्रपट सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणित केला जाणार नाही, जर...»

वाक्य नकारार्थी आहे. तरी त्यातला 'जर' नीट बघ. त्या 'जर'खाली मोजकी कारणे दिली आहेत. याचा अर्थ, प्रमाणपत्र मिळणे हा नियम आणि ते नाकारणे हा अपवाद. यादीबाहेरचे कारण चित्रपट प्रमाणन मंडळाला वापरता येत नाही. 'विषय नाजूक आहे', 'वातावरण तापलेले आहे', 'शहराची प्रतिमा खराब होते' यांतले एकही कारण यादीत नाही.

यादी आली कुठून? हे कलम १९५९च्या दुरुस्तीने कायद्यात आले, आणि त्याची शब्दकळा संविधानाच्या अनुच्छेद १९(२)वरून घेतली आहे. म्हणजे कलम ५ब हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या मर्यादांचेच चित्रपटापुरते रूप आहे. संविधानात त्या मर्यादांना 'वाजवी' हे विशेषण लावलेले आहे. इथे ते लिहिलेले नाही, पण अभिप्रेत आहे. ज्या झऱ्यातून शब्द आले त्याची अट त्यांच्यासोबत येते.

'सार्वजनिक प्रदर्शन' म्हणजे लोकांसमोर पडद्यावर दाखवणे. फोनवरून फोनवर जाणारी चित्रफीत मंडळापुढे कधीच येत नाही. हा फरक पुढे लागेल.

«प्रमाणपत्र देण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याच्या मते»

'मत' म्हणजे लहर नव्हे. मत चित्रपट पाहून बनवायचे, यादीतल्या कारणाला धरून बनवायचे, आणि विरोधात जाणार असेल तर अर्जदाराला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन मगच कृती करायची. ही शेवटची अट कलम ४च्या पोटकलम (२)मध्ये आहे. ती विसरू नकोस.

पण मत बनवायचे कोणाच्या डोळ्यांनी? पाठ इथे गप्प आहे. ही जागा न्यायालयांनी भरली, आणि भरणारी कसोटी नागपुरातून आली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल प्रकरणात, छापील मजकुराबद्दल बोलताना, सांगितले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजावा; डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने मोजू नये. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने 'तमस' या चित्रपटाच्या खटल्यात हीच कसोटी पडद्याला लावली.

इथे तू शंका काढशील, आणि ती योग्य आहे. कडव्या संघटना खंबीर माणसांना शोधत नाहीत. गाव सुटलेला, खोलीत एकटा, कामावर अपमान गिळणारा मुलगाच त्यांना सापडतो. मग माप त्याचे का नको? उत्तर असे. वय आणि अपरिपक्वता यांची सोय कायद्याने प्रतवारीत केली आहे. केवळ प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र त्यासाठी आहे. २०२३च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या 'यूए'चेही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. म्हणजे दुबळ्या प्रेक्षकाची काळजी प्रतवारी घेते. बंदीचे माप मात्र खंबीर माणसाचेच राहते. दोन्ही कामे एकाच मापाने केली, तर कडवेपणा कसा रुजतो हे दाखवणारा एकही चित्रपट प्रौढांनाही पाहता येणार नाही.

«तो चित्रपट किंवा त्याचा कोणताही भाग»

साऱ्या पाठाची गाठ इथे आहे. सावकाश जाऊ.

कायदा म्हणतो, 'कोणताही भाग'. मार्गदर्शक तत्त्वांचा तिसरा परिच्छेद म्हणतो, मंडळाने चित्रपट समग्रपणे, त्याच्या एकूण परिणामाच्या दृष्टीने पारखावा. वरवर पाहता दोन्ही एकत्र नांदत नाहीत. दोषी ठरवायला एक भाग पुरत असेल तर समग्राची पारख कशाला? आणि समग्र निर्दोष असेल तर भागाला दोष कसा?

पहिला अर्थ : कायदा वरचा, तत्त्वे खालची, म्हणून भाग एकटाच पुरेसा. या अर्थाच्या बाजूने बळकट आधार आहे. पोटकलम (२)ची सुरुवातच 'पोटकलम (१)मधील तरतुदींना अधीन राहून' अशी आहे. म्हणजे तत्त्वांना मूळ कलम मोडता येत नाही.

दुसरा अर्थ : समग्रच खरे, 'कोणताही भाग' हे शब्द केवळ कायद्याच्या लेखनशैलीचा भाग आहेत. हा अर्थ मला पटत नाही. कायद्यातला शब्द निकामी ठरवून अर्थ लावणे हा भाष्यकाराचा आळस आहे.

तिसरा अर्थ, जो मी धरतो : दोष कुठे सापडू शकतो हे 'भाग' सांगतो, आणि तो दोष आहे की नाही हे कसे ठरवायचे ते 'समग्र' सांगतो. पाठात पुढे 'विरुद्ध' हा शब्द येतो. पाच सेकंदांचे दृश्य एकटे कशाच्याच विरुद्ध नसते. ते कोणी दाखवले, कोणत्या दृश्यानंतर दाखवले, त्याची किंमत कथेत कोणी मोजली, यावरून ते विरुद्ध की नाही हे ठरते. याचा अर्थ दुहेरी आहे. शेवटी दोन वाक्ये सलोख्याची घातली म्हणून मधली उघड चिथावणी धुऊन निघत नाही. 'भाग' हा शब्द ती पळवाट बंद करतो. आणि मधले एक दृश्य उपटून त्यावरून साऱ्या कृतीला दोषी ठरवता येत नाही. 'समग्र' हा शब्द ती वाट बंद करतो. अशा रीतीने दोन्ही शब्दांना काम उरते.

आता 'तमस' घे. भीष्म साहनींची फाळणीच्या दंगलींवरची कादंबरी, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवर. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले आणि फाळणीत कुटुंबासोबत इकडे आलेले. कथेत नथू नावाच्या माणसाला पैसे देऊन डुक्कर मारायला लावतात, आणि ते मेलेले जनावर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. एवढाच भाग कापून दाखवला तर तो आगलावा आहे, यात शंका नाही. रणवीर नावाच्या कोवळ्या मुलाला कोंबडी मारायला लावून त्याची 'दीक्षा' पूर्ण केली जाते. तोही भाग एकटा घेतला तर प्रशिक्षणाची चित्रफीत वाटेल. पण कथा निर्वासितांच्या छावणीपर्यंत पोचते, तेव्हा त्या पायऱ्या आणि ती कोंबडी कोणाच्या बाजूने दाखवली होती हे समजते. मुंबई उच्च न्यायालयात प्रसारणाविरुद्ध अर्ज आला, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी चित्रपट स्वतः पाहिला आणि प्रसारणाला वाट मोकळी केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत तोच निष्कर्ष कायम ठेवला. न्यायाधीशांनी आधी चित्रपट पाहिला, हा तपशील मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. समग्र पारखायचे तर समग्र पाहावे लागते.

उलट उदाहरण पुण्यातलेच आहे. जुलै २०१२मध्ये आसामात कोक्राझारच्या परिसरात हिंसाचार झाला. ऑगस्टमध्ये फोनवर छायाचित्रे आणि चित्रफिती फिरू लागल्या. त्यांतली कित्येक दुसऱ्या देशांतली, दुसऱ्याच आपत्तींतली होती. मथळा मात्र आसामचा. पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले. शिकायला आणि नोकरीला आलेली ती मुले. मग अफवा उठल्या, आणि बेंगळुरू, पुणे इथून हजारो जण गाड्या भरून परत निघाले. सरकारने १७ ऑगस्टला एका वेळी पाचाहून अधिक जणांना लघुसंदेश पाठवण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली. काय घडले ते या कलमाच्या भाषेत सांग : भाग होता, समग्र नव्हतेच. चित्राला मागचे आणि पुढचे दृश्य नव्हते, कर्ता नव्हता, स्थळ खोटे होते. कडवेपणाचे साहित्य नेहमी याच रीतीने बनते. भाग तोडायचा आणि त्याला दुसरे समग्र चिकटवायचे. म्हणून चित्रपट समग्रपणे पारखण्याचा नियम हा केवळ दिग्दर्शकाला दिलेली सवलत नाही. कडवेपणा आणि कडवेपणावरचा चित्रपट यांच्यातला फरक ओळखण्याची ती एकमेव रीत आहे.

लघुपटकर्त्याला इथे एक जास्तीची जबाबदारी आहे. 'तमस'ला काही तासांचा अवकाश होता. तुझ्याकडे पंधरा मिनिटे असतील. समग्र लहान, म्हणून प्रत्येक भागाचे वजन मोठे. जमावाची घोषणा तू चाळीस सेकंद ऐकवलीस आणि तिची किंमत मोजणारा चेहरा तीन सेकंद दाखवलास, तर एकूण परिणाम घोषणेचाच होईल. तेव्हा मंडळाला दोष देऊ नकोस.

लघुपटाचा कायदा ज्या खटल्यात घडला तो ख्वाजा अहमद अब्बास यांचा. 'चार शहर एक कहानी', अवघी १६ मिनिटे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतली श्रीमंती आणि त्याच शहरांतले दारिद्र्य समोरासमोर. त्याला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ सप्टेंबर १९७०च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटाची पूर्वतपासणी वैध ठरवली. पण त्याच निकालात त्यांनी सांगितले की नुसता विषय कात्रीला पात्र ठरत नाही. विषय कसा हाताळला हे बघायचे. याचा अर्थ आपल्यापुरता असा : पडद्यावर कडवा माणूस असणे हा दोष नाही. कॅमेरा त्याच्याकडे कोणत्या जागेवरून पाहतो, हा प्रश्न आहे.

«भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध... यांच्या हिताविरुद्ध»

हे तीन विषय लवकर उरकू. सार्वभौमत्व व एकात्मता हे शब्द मूळ कलमात नव्हते. १९८१च्या दुरुस्तीने आले. सुरक्षितता म्हणजे राज्यसंस्थेच्या अस्तित्वाला धोका. सरकारवरची टीका नव्हे. मैत्रीचे संबंध हे कारण तुला तेव्हाच भेटेल, जेव्हा तुझा स्थलांतरित शेजारच्या देशातून आलेला असेल. त्या माणसाचे दुःख दाखवण्याने कोणत्याही देशाशी मैत्री तुटत नाही.

«सार्वजनिक सुव्यवस्था»

इथे पुन्हा थांब, कारण स्थलांतरावरच्या चित्रपटाविरुद्ध हेच कारण पुढे केले जाण्याचा संभव सर्वांत मोठा.

आधी व्याप्ती. राममनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य या १९६५च्या निकालात हिदायतुल्ला यांनीच तीन समकेंद्री वर्तुळे कल्पायला सांगितली. सर्वांत बाहेरचे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, त्याच्याही आत राज्याची सुरक्षितता. म्हणजे चौकातले भांडण बाहेरच्या वर्तुळात असेल, पण त्याने आतले वर्तुळ आपोआप मोडत नाही. आपला पाठ 'सार्वजनिक सुव्यवस्था' म्हणतो, 'कायदा व सुव्यवस्था' म्हणत नाही. याचा अर्थ, चित्रपटावरून कुठेतरी वादावादी होईल एवढी शक्यता पुरेशी नाही. समाजाच्या एकूण जीवनक्रमाला धक्का बसला पाहिजे.

मग मोठा प्रश्न : धक्का कोणाकडून? चित्रपटाने तो दिला, की चित्रपट नको असणाऱ्यांनी? पाठ म्हणतो की 'चित्रपट' सुव्यवस्थेच्या विरुद्ध असावा. प्रेक्षागृहाबाहेर काठ्या घेऊन उभा राहिलेला जमाव म्हणजे चित्रपट नव्हे. १९८९च्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध केले. विरोधकांच्या धमकीपुढे राज्याने हात टेकणे मान्य नाही. अभिव्यक्तीचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि चित्रपट व धोका यांच्यात निकटचा, थेट संबंध दिसला पाहिजे.

पुण्याला हा अर्थ पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' दाखवला गेला, आणि त्यानंतर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्या दिवशी सुव्यवस्था कोणी मोडली? पडद्यावर रमाबाईनगरच्या वस्तीची कहाणी होती. मारणारे हात पडद्याबाहेरचे होते. पाठ शब्दशः वाच, उत्तर त्यातच आहे.

«सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान»

यांचा स्वतंत्र विस्तार आपल्या विषयाला लागत नाही. एकच सूचना. खऱ्या संघटनेचे किंवा खऱ्या माणसाचे नाव घेणार असशील आणि खटला चालू असेल, तर बदनामी आणि अवमान ही दोन्ही कारणे एकदम जागी होतात. आरोप आणि सिद्ध गुन्हा यांतला भेद पात्रांच्या तोंडीही सांभाळ.

«किंवा ज्यामुळे एखादा गुन्हा करण्यास चिथावणी मिळण्याचा संभव असेल»

'संभव' म्हणजे नुसती कल्पना नव्हे. बोस यांची कसोटी इथेही लागू : खंबीर माणसाला तो संभव दिसला पाहिजे. 'चिथावणी' म्हणजे कृतीकडे ढकलणे. कृती समजावून सांगणे ही चिथावणी होत नाही.

तत्त्वे याला दोन टोकांनी आवळतात. हिंसेसारख्या समाजविघातक कृत्यांचे उदात्तीकरण किंवा समर्थन नको, हे एक. गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवू नये, हे दुसरे. दुसरे नीट समजून घे, कारण कडवेपणावरचा लघुपट इथेच अडखळतो. मुलगा संघटनेत कसा ओढला जातो, ही कार्यपद्धती आहे का? माझे मत : नाही. गुन्हा कसा करावा याची रीत म्हणजे कार्यपद्धती. माणूस गुन्ह्यापर्यंत कसा पोचला, ही कथा. खोलीचे भाडे थकलेले, मुकादमाने मजुरी बुडवलेली, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी नावाने हाक मारून जेवायला बसवले. हे दाखव, पूर्ण दाखव; न दाखवल्यास चित्रपटाला अर्थ उरत नाही. स्फोटक कसे जुळवतात ते दाखवू नकोस. ते दाखवल्याने कोणाच्याही समजुतीत भर पडत नाही.

तत्त्व : «वांशिक, धार्मिक किंवा अन्य गटांचा अवमान करणारी दृश्ये वा शब्द सादर केले जाऊ नयेत»

'अन्य गट' या शब्दांत स्थलांतरित बसतात का? बसतात. वंश आणि धर्म यांच्याखेरीज ज्या ओळखीवरून माणसांना एका ढिगात टाकले जाते, ते सारे गट इथे येतात. २००८मध्ये उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि पुणे, नाशिकहून मजूर निघून गेले. तेव्हा त्यांचा धर्म कोणी विचारला नव्हता. 'भय्या' एवढी ओळख पुरली. आणि हा गट परप्रांतीयांचाच नसतो. बीड-लातूरहून बांधकामावर आलेले कुटुंबही पुण्यात 'बाहेरचे' ठरते.

अडचण पुढे आहे. तत्त्व म्हणते, अवमानकारक शब्द 'सादर' करू नयेत. अक्षरशः घेतले तर खलपात्रानेही ती शिवी देऊ नये. दुसरा अर्थ असा की पात्राने केलेला अवमान वेगळा आणि चित्रपटाने केलेला वेगळा. मनाई चित्रपटाने केलेल्या अवमानाला आहे. मी दुसरा अर्थ घेतो. आधार शेजारच्याच तत्त्वात आहे. जातीय, प्रतिगामी, विज्ञानविरोधी व राष्ट्रविरोधी प्रवृत्तींना 'उत्तेजन' देणारी दृश्ये नकोत, असे ते म्हणते. म्हणजे रोख दृश्याच्या नुसत्या असण्यावर नाही, त्याच्या दिशेवर आहे. शिवाय 'कलात्मक अभिव्यक्ती व सर्जनशील स्वातंत्र्य यांना अवाजवी आवर घालू नये' हे तत्त्वांनी आपले उद्दिष्टच सांगितले आहे. ज्याला शिवी ऐकावी लागते त्याच्या बाजूला कॅमेरा असेल, तर शिवी हा पुरावा आहे. पुरावा पुसला तर अपमान झालाच नाही असे होईल.

तत्त्व : «चित्रपटात दाखवलेला काळ, आणि देशाचे व चित्रपट ज्या लोकांशी संबंधित आहे त्यांचे समकालीन मानदंड, यांच्या प्रकाशात तो तपासावा»

'ज्या लोकांशी संबंधित' म्हणजे कोण? पाहणारे की दाखवलेले? संबंध चित्रपटाच्या आशयाशी आहे, म्हणून दाखवलेले. स्थलांतराच्या चित्रपटात दाखवलेले लोक दोन असतात : आलेले आणि आधीपासून राहणारे. याचा अर्थ, केवळ शहराच्या जुन्या रहिवाशांना काय रुचेल हे माप अपुरे आहे. मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा माणूस कशाला सभ्य म्हणतो, कशाला अपमान म्हणतो, तेही मापात धरले पाहिजे. मंडळासमोर बाजू मांडताना हा शब्दप्रयोग पुढे ठेव.

काळाचे उदाहरण फिल्म इन्स्टिट्यूटच्या जमिनीवरच आहे. तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनी होती, आणि तिथेच १९४१ साली व्ही. शांताराम यांनी 'शेजारी' केला. गावातले दोन मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधू पाहणारा धनिक. त्याने दोघांत घातलेली फूट. शेवटी धरण फुटताना दोघांचा एकत्र मृत्यू. हिंदी 'पडोसी'मध्ये मझहर खान यांनी हिंदू ठाकूर आणि गजानन जागीरदार यांनी मिर्झा साकारला. फाळणीच्या सहा वर्षे आधी ही भूमिकांची अदलाबदल काय सांगत होती, हे तो काळ धरल्याशिवाय कळत नाही. तत्त्वाला हेच म्हणायचे आहे.

याच तत्त्वाच्या परंतुकात 'प्रेक्षकांची नीतिमत्ता भ्रष्ट होत नसेल तर' अशी अट आहे. आपल्या विषयात तिला स्वतंत्र काम नाही.

«आवश्यक वाटतील ती दृश्ये वगळण्याचा आदेश»

हे शब्द कलम ५बचे नाहीत, कलम ४चे आहेत, पण त्यांच्याशिवाय वाचन अपुरे राहते. मंडळ काही भाग काढायला सांगू शकते. इथे एक प्रश्न उभा राहतो, ज्याचे उत्तर पाठात उघडपणे दिलेले नाही. चित्रपट समग्रपणे पारखायचा असेल, तर कापल्यानंतर उरलेले समग्र नवे झाले. त्याची पारख कोणी केली? पंधरा मिनिटांतून शिवीचा प्रसंग काढला आणि त्यानंतरचा मुलाचा राग तसाच राहिला, तर राग विनाकारण दिसेल. कापण्याआधी जो चित्रपट अपमानाचा होता तो कापल्यावर हिंसेचा होईल. माझे मत असे की तिसऱ्या परिच्छेदातले 'समग्र' हे कापलेल्या रूपालाही लागू आहे. म्हणून असा आदेश आला तर सुनावणीत दोन्ही रूपे दाखवण्याची मागणी कर, आणि कापलेल्या रूपाचा एकूण परिणाम काय होतो यावर लेखी मत माग. अपील अधिकरण २०२१मध्ये रद्द झाल्यापासून अपील थेट उच्च न्यायालयात जाते. तिथे ते लेखी मत लागेल.